आत कुणी राहिलं का?

मी द्वारका चौकाजवळच्या गल्लीतली जुनी बचत बँकेची इमारत बोलतेय. खरं तर 'इमारत होते' असं म्हणायला हवं, पण सवय लवकर जात नाही. अठ्ठेचाळीस वर्षं मी उभी होते आणि तेवढ्या वर्षांत एक शब्द बोलले नाही. आम्ही जे सांगायचं ते भेगांनी सांगतो. माणसं त्या भेगेवर कॅलेंडर टांगतात आणि कामाला लागतात.

मी पडले त्या सकाळी आत कोण होतं आणि कोण नव्हतं, यावरून द्वारकेच्या टपऱ्यांवर अजून उलटसुलट बोललं जातं. कुणी म्हणतं मालक गोटीरामशेठनं पाडली, कुणी म्हणतं खानावळवाल्या शकूबाईनं शेठचे पैसे खाल्ले. चहा संपेपर्यंत गोष्टीला तीन पाय फुटतात. खरं काय ते मला ठाऊक आहे, म्हणून एकदाच बोलते.

माझा जन्म १९३८ सालचा. गावातल्या आठ-दहा जाणत्या माणसांनी मिळून लोकसंचय सेव्हिंग बँक काढली, तिच्यासाठी मला बांधलं. काळा दगड, बैलघाण्यात मळलेला चुना आणि वर सागवानी तुळया. पुढे दिवाणखान्याएवढी खोली, तिच्यात लाकडी काउंटर आणि लोखंडी जाळी. मागच्या बाजूला तिजोरीची खोली. तिच्या भिंती अडीच हात जाडीच्या होत्या. वरच्या मजल्याचे गर्डरसुद्धा याच भिंतींवर टेकवले होते. घरात एखादी थोरली जाऊ असते, सगळं तिच्याच जिवावर चालतं, तशी ती खोली होती. बाकीच्या भिंती नावाला उभ्या होत्या म्हटलं तरी चालेल.

त्या खोलीचा कोपऱ्याचा दगड बसवताना सावळीराम नावाच्या गवंड्याचा डावा अंगठा खाली सापडला. तेव्हा तो विशीचा होता. बोट वाचलं, पण टोक कायमचं चपटं झालं आणि मधोमध आडवा व्रण राहिला. रडला नाही. फडकं गुंडाळून दगडाला म्हणाला, "माझा अंगठा घेतला ना? आता नीट ऱ्हाय." मी नीटच राहिले. त्या पोराचा शब्द मला मोडवला नसता.

बँकेचे दिवस मला आवडायचे. दहाला दार उघडायचं, पाचला बंद व्हायचं. कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. भाजीवाल्या बायका, विडी कामगार, मास्तर, खेड्यातून आलेले शेतकरी रांगेत गुमान उभे राहायचे. ज्यांना सही येत नव्हती ते अंगठा द्यायचे, आणि कारकून भिंग लावून तो अंगठा जुन्या अंगठ्याशी ताडून बघायचा. माणूस खोटं बोलेल, पण अंगठा बोलायचा नाही, असं तो नेहमी म्हणायचा. त्या वेळी मला त्या वाक्याचं काही वाटलं नव्हतं.

रंगनाथ बँकेचा शिपाई. उंच, किडकिडीत, कमी बोलणारा. एका शनिवारी सुरगाण्याकडचा एक म्हातारा तापानं फणफणलेला, कागदपत्रांच्या खोलीत बाकड्यावर झोपून गेला आणि रंगनाथनं न बघता कुलूप घातलं. सोमवारी दार उघडलं तेव्हा म्हातारा जिवंत होता एवढंच. त्या दिवसापासून रंगनाथनं एक रीत पाडून घेतली. पाच वाजले की दारातली पितळी घंटा वाजवायची आणि खाली-वर प्रत्येक खोलीच्या उंबऱ्यात जाऊन विचारायचं, "आत कुणी राहिलं का?" खोली रिकामी दिसत असली तरी विचारायचं. विचारून क्षणभर थांबायचं आणि मगच पुढे जायचं. नवीन कारकून हसायचे. तो थांबायचा तेवढा वेळ मीही श्वास रोखून धरायचे.

बहात्तर साल उजाडलं. दुष्काळ पडला होता, माणसं आधीच धास्तावलेली होती. अशातच एका सकाळी तिजोरीच्या खोलीच्या लोखंडी दाराची किल्ली कुलपातच तुटली. एवढंच झालं होतं. किल्ली जुनी होती, झिजली होती. भद्रकालीच्या बाजारातून कुलूपवाला बोलावला आणि मॅनेजरसाहेबांनी दारावर पाटी लावली की पैसे दुपारनंतर मिळतील.

रंगनाथ घरी डबा विसरला होता म्हणून बायको घेऊन आली. तीच शकूबाई. त्यानं सहज सांगितलं, "आज तिजोरी उघडंना." ती घरी गेली, पण तिच्या डोक्यात ते वाक्य घुमत राहिलं. मुलाच्या शाळेसाठी, आजारपणासाठी म्हणून तिनं माझ्याकडे चार पैसे ठेवले होते. अर्ध्या तासात ती पासबुक घेऊन परत आली आणि बंद खिडकीसमोर उभी राहिली.

रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांनी पाहिलं. कुणीतरी म्हणालं, "शिपायाचीच बायको पैसे काढायला आलीय. हिला आतली बातमी असणार." झालं. बारा वाजता रांग गल्लीच्या तोंडाला होती, दोन वाजता द्वारकेच्या चौकात. दोनला कुलूप उघडलं, पैसे जागच्या जागी होते, दाखवलेही. पण तोवर कुणी बघायला तयार नव्हतं, सगळे घ्यायला आले होते. कुठलीही बँक सगळ्यांचे सगळे पैसे एकाच दिवशी देऊ शकत नाही. ते कुणाच्या विहिरीत, कुणाच्या दुकानात गेलेले असतात.

पुढच्या वर्षी माझ्यावरची पाटी उतरवली. ठेवी दुसऱ्या मोठ्या बँकेकडे गेल्या, लोकांचं फारसं नुकसान झालं नाही. नोकऱ्या मात्र गेल्या.

रंगनाथ बायकोला या गोष्टीवरून कधी बोलला नाही. बोलला असता तर तिचं ओझं हलकं झालं असतं. मला दगडाला कळत होतं, त्याला का कळलं नाही कोण जाणे.

मग गोटीरामशेठनं मला विकत घेतलं. टायरचा व्यापारी, बारा गावचं पाणी प्यालेला. त्यानं रंगनाथला राखणदार म्हणून ठेवलं आणि काउंटरमागची खोली राहायला दिली. हळूहळू बाकीच्या खोल्या भाड्यानं गेल्या आणि माझ्यात सहा बिऱ्हाडं झाली. काउंटरवर शकूबाईनं खानावळ टाकली. जिथे पासबुकं सरकायची तिथे आता ट्रकवाल्यांसाठी भाकरी थापल्या जाऊ लागल्या. मला आधी राग आला. नंतर त्या गरम तव्याच्या उबेची सवय झाली, आणि खरं सांगते, रिकामं राहण्यापेक्षा ते बरं होतं.

रंगनाथ संध्याकाळी पाचला घंटा वाजवायचाच. बंद करायला बँक नव्हती, तरी प्रत्येक उंबऱ्यात जाऊन विचारायचा. बिऱ्हाडातली पोरं आतून ओरडायची, "हाय, हाय, आम्ही हाय!" तो हसायचा आणि पुढे जायचा.

एकोणऐंशीत तो गेला. जाताना शकूबाईचा हात धरून म्हणाला, "शकू, ऐकीव गोष्टीवर परत कधी पळू नको." सात वर्षांत तो त्या विषयावर पहिल्यांदा बोलला आणि तेही शेवटचं. तिनं ते वाक्य पदराला गाठ मारावी तसं बांधून ठेवलं. तिथूनच माझं मरण सुरू झालं, असं मला वाटतं.

त्र्याऐंशीत शेठला माझ्या मागच्या, आग्रा रोडच्या अंगाला दुकान हवं झालं. त्याची नजर तिजोरीच्या खोलीवर पडली. लोखंडी दार भंगारात गेलं. मग बाहेरची भिंत फोडून शटर बसवायचं ठरलं आणि त्यासाठी सावळीरामला बोलावलं. तो आता साठी ओलांडलेला, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. त्यानं भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, "शेठ, ही भिंत नका काढू. वरचं समदं हिच्यावर बसलंय."

"मग खाली एक गर्डर टाकू की!"

"गर्डर टाकून आईची जागा भरून निघत नाय. म्या नाय करणार."

दुसरे मिळाले. पैसे दिले की मिळतातच. अकरा दिवस घणाचे घाव बसत होते. प्रत्येक घावाला वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू बायडाबाईच्या मांडणीतली भांडी वाजायची आणि ती खाली ओरडून विचारायची की अजून किती दिवस. माझ्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.

त्या दिवाळीला पहिली भेग आली. शटरच्या वरून निघाली आणि जिन्याच्या भिंतीनं तिरकी वर गेली. आग्रा रोडचे ट्रक जातच होते. एकेक ट्रक गेला की ती केसभर पुढे सरकायची. बायडाबाईनं तिच्यावर देवीचं कॅलेंडर लावलं. पुढच्या वर्षी त्याखाली आणखी एक लावावं लागलं.

शहाऐंशीच्या सुरुवातीला शेठनं भाडेकरूंना वकिलाची नोटीस दिली. त्र्यंबकला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी त्याला इथे लॉज बांधायचं होतं. नोटिशीत लिहिलं होतं की इमारत धोकादायक आहे. गंमत बघा, शेठ आयुष्यात एकदा खरं बोलला आणि तेही खोटं म्हणून. त्याला मी धोकादायक आहे की नाही याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला जागा हवी होती. आणि भाडेकरूंना शेठ पुरता ठाऊक होता, म्हणून कुणी विश्वास ठेवला नाही. "आपल्याला हुसकायची टूम हाय," असं सगळ्यांचं एकमत झालं.

नेमक्या त्याच दिवसांत सावळीराम आला. आपणहून आला. अमावास्येला गवंड्यांना सुट्टी असते, त्या दिवशी तो जुनी कामं बघत हिंडायचा. त्यानं माझी भेग पाहिली, म्हणजे चाचपली, आणि जिन्यातच बसला. मग पिशवीतून काचेची पातळ पट्टी काढली. भेगेवर आडवी ठेवली, दोन्ही टोकांना ओल्या सिमेंटचा गोळा दाबला आणि गोळ्यावर आपला डावा अंगठा उमटवला.

"ह्ये काय, दादा?" शकूबाईनं विचारलं.

"भेग चालती हाय का थांबली, ते काच सांगती. काच धड तर भ्यायचं नाय. काच तडकली तर भेग चालती. मंग एक दिवस बी ऱ्हायचं नाय, पोरंबाळं घिऊन निघायचं. शेठला विचारायचं नाय, मला विचारायचं नाय."

"शेठनं पाठवलं का तुम्हाला?" जिन्यावरून बायडाबाईनं विचारलं.

सावळीरामनं वर पाहिलं, पिशवी उचलली आणि निघाला. त्याला असला प्रश्न कुणी विचारेल हेच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

काच अठराव्या दिवशी तडकली. भर दुपार होती, शकूबाई भाकरी थापत होती. "कट्" असा बारीक आवाज झाला. बाकी कुणाला ऐकू आला नाही, तिला आला. ती पीठभरल्या हातानं जिन्यात आली. काचेचे दोन तुकडे होते आणि मध्ये नखाएवढी फट होती.

मी माझ्या परीनं जिवाच्या आकांतानं ओरडले होते. ती काचेकडे बघत उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. ती काय म्हणत होती ते मी ऐकलं, कारण तिचा खांदा माझ्या भिंतीला टेकला होता. "मी परत पळणार नाही. मी परत पळणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं रंगनाथच्या फोटोची चौकट उतरवली, काच काढली आणि द्वारकेच्या काचवाल्याकडून तिच्या चार पट्ट्या कापून आणल्या. एक पट्टी भेगेवर बसवली, सिमेंट लावलं आणि अंगठा दाबला. तडकलेले तुकडे पिठाच्या डब्यात तळाशी ठेवले. मला तिचा राग यायला हवा होता. पण तिचं भय मला कळत होतं हो. तिला वाटत होतं, आपण बाहेर पडलो की सहाही बिऱ्हाडं मागे येतील, शेठ कुलूप ठोकेल आणि पुन्हा एकदा आपल्या एकटीच्या भीतीपायी सगळे देशोधडीला लागतील.

ती काच तडकली. तिनं दुसरी बसवली. तीही तडकली, मग तिसरी बसवली. सावळीराम दर अमावास्येला यायचा, गढूळ डोळ्यांनी खालूनच वर बघायचा, काच धड दिसली की मान हलवायचा आणि चहा न घेता निघून जायचा. शकूबाई त्या दिवशी त्याच्या समोर यायची नाही.

भाद्रपदाच्या अमावास्येला तो आला तेव्हा त्यानं स्टूल मागितलं. शकूबाईचा मुलगा झुंबर, द्वारकेला ट्रकचं काम करायचा, त्यानंच स्टूल धरलं. म्हातारा चढला. डोळ्यांवर त्याचा भरवसा राहिला नव्हता, म्हणून बोटानं सिमेंटचा गोळा चाचपला. एकदा चाचपला, परत चाचपला.

खाली उतरला आणि खानावळीत गेला. "शकूबाई, तो अंगठा माझा नाय."

ती भाकरी उलटायची थांबली.

"माझ्या अंगठ्याला आडवा वण हाय. ह्याच भिंतीनं दिलेला. त्या गोळ्यावर वण नाय."

बँकेतला कारकून मला त्या क्षणी आठवला. शकूबाईनं तवा खाली उतरवला, पिठाचा डबा ओढला, कोपरापर्यंत हात घातला आणि काचांचे तुकडे एकेक करून सावळीरामच्या पुढ्यात मांडले. तीन जोड्या होत्या.

"तीन डाव?" म्हाताऱ्यानं बोट ठेवून जोड्या मोजल्या. "आन तुम्ही इथं सैपाक करत बसल्या?"

"एकदा पळाले होते दादा. माझ्यामागं आख्खं गाव पळालं. बँक बुडाली, ह्यांची नोकरी गेली. मरताना सांगून गेले, ऐकीव गोष्टीवर पळू नको."

"ऐकीव?" सावळीरामनं तुकडा उचलून तिच्या तळहातावर ठेवला. "ह्ये काय ऐकीव हाय? त्या टायमाला किल्ली तुटली व्हती, बाई. आता भिंत तुटलीय. रंगनाथ असता तर त्यानं काय केलं असतं?"

शकूबाईनं तो तुकडा बाकीच्या तुकड्यांत ठेवला. मग उठली. घड्याळात अकरा वाजले होते. ती दाराशी गेली आणि सात वर्षं मुकी पडलेली ती पितळी घंटा तिनं वाजवली.

मला काय झालं ते मी सांगू शकत नाही. ती खाली-वर प्रत्येक उंबऱ्यात गेली. "आत कुणी राहिलं का? उठा, बाहेर चला. घर बसतंय." माणसं बावचळून बघत राहिली. तिनं वाद घातला नाही. पोळपाट-लाटणं आणि रंगनाथचा बिनकाचेचा फोटो उचलला, चालत समोरच्या लाकडाच्या वखारीत गेली आणि तिथे जमिनीवर बसली. शकूबाई बाहेर बसलीय हे बघितल्यावर पहिलं बिऱ्हाड निघालं, मग दुसरं. तासाभरात मी रिकामी झाले. निघण्यापूर्वी सावळीरामनं भेगेवर नवी काच लावली, रंगनाथच्या फोटोतली शेवटची पट्टी, आणि या वेळी अंगठा त्याचा होता.

आणि मग मी पडलेच नाही.

हसू नका. तो दिवस गेला, दुसरा दिवस गेला, मी आपली उभी. अठ्ठेचाळीस वर्षं फक्त उभं राहायला शिकले होते, पडायचं कसं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. समोर वखारीत माणसं ओंडक्यांवर झोपत होती, बायका विटांवर चूल मांडत होत्या आणि सगळ्यांची तोंडं शकूबाईकडे वळत होती. दुसऱ्या संध्याकाळी शेठचा निरोप आला की घर रिकामं केल्याबद्दल आभार, उद्या कुलूप लावतो.

मग काय विचारता! "म्हातारीनं पैसे खाल्ले." "बँक बुडवली, आता आम्हाला बुडवतीय." झुंबरसुद्धा आईशी बोलेना. ती गुडघ्यात मान घालून बसली होती. मी तिला बघत होते. आजवर मी स्वतःसाठी इतकं वाईट कधी मागितलं नव्हतं, पण त्या दिवशी मी मागितलं. मला पाडा. ही माणसं परत यायच्या आत मला पाडा.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेठ यायच्या आत घरात शिरायचं असं सगळ्यांनी ठरवलं. वळकट्या खांद्यावर, भांडी डोक्यावर घेऊन सगळे रस्ता ओलांडून आले. शकूबाई त्यांच्या आधी येऊन माझ्या उंबऱ्यात बसली होती. चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून.

"शकूबाई, सरका."

"माझ्या अंगावरून जा."

"आई, तमाशा करू नको," झुंबर म्हणाला. त्याच्या काखेत ट्रंक होती. "शेठ आला तर जन्मभर रस्त्यावर."

"रस्त्यावर जिता ऱ्हाशील."

पाच मिनिटं अशी गेली. बाहेर शिव्या, आत शांतता. पण पूर्ण शांतता नव्हती. मागच्या दारानं बायडाबाई कधीच आत शिरली होती. गुपचूप वर जाऊन तिनं स्टोव्ह पेटवला होता आणि चहाचं आधण ठेवलं होतं. चूल पेटली की घर आपलं झालं, मग कुणी हुसकत नाही, असा तिचा हिशेब. ती वर आहे हे कुणाला माहीत नव्हतं. फक्त मला माहीत होतं, आणि तिच्या पायाखालचा गर्डर दगडावरून दोन बोटं सरकला होता.

तेवढ्यात आग्रा रोडवरून लोखंडाच्या सळ्या भरलेला ट्रक गेला.

कट्.

गर्दीत कुणाला ऐकू आलं नाही. शकूबाईला आलं. तिची मान झटकन जिन्याकडे वळली. ती उठली, आणि मला वाटलं, आता ही पळेल. कुणीही पळालं असतं. पण तिनं उंबऱ्यातून हात वर केला, घंटेची दोरी धरली आणि जीव खाऊन ओढली.

"आत कुणी राहिलं का?"

विचारून ती थांबली. रंगनाथ थांबायचा तेवढीच थांबली. डोक्यावर चुना भुरभुरत होता, तरी थांबली.

वरून आवाज आला, "मी हाय की! चहा टाकलाय."

"बायडे, खाली ये! चप्पल घालू नको, स्टोव्ह विझवू नको, ये!"

बायडाबाई जिन्यावर आली तेव्हा चौथी पायरी निखळली. मी जे काही होते ते सगळं त्या एका गर्डरखाली गोळा केलं. तिजोरीच्या खोलीची उरलेली भिंत, सावळीरामचा अंगठा घेतलेला तो कोपऱ्याचा दगड, सगळं. त्या पोरानं सांगितलं होतं, नीट राहा. आणखी दहा पावलं नीट राहायचं होतं. शकूबाईनं आत येऊन तिचा दंड धरला आणि ओढत बाहेर काढलं. मग तिनं पदर खोचला आणि चौदा वर्षांत प्रथमच ती पळाली. "पळा रे! पळा!"

आणि तिच्यामागे सगळे पळाले. बहात्तर साली पळाले होते तसेच, काही न विचारता, वळकट्या टाकून. त्या वेळी त्या पळण्यानं मला रिकामं केलं होतं. या वेळीही केलं.

मी एकेका खोलीत बघितलं. काउंटर, कागदपत्रांची खोली, वरच्या तिन्ही खोल्या. बायडाबाईचं आधण उकळत होतं. दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा मी बसले.

आता मी दगडांचा ढीग आहे. शेठला हवी ती जागा मिळाली, त्याला कुणी जाब विचारला नाही. सहा बिऱ्हाडं सहा दिशांना गेली. बायडाबाई तिच्या भावाकडे गेली. ती मात्र कुणी शकूबाईला नावं ठेवली की भांडायला उठते, असं ऐकते. शकूबाईनं द्वारकेच्या पलीकडे ताडपत्रीखाली चूल मांडली आहे. झुंबर आईशी बोलतो.

माझे दगड आज ट्रकमध्ये भरताहेत. कुणाच्या तरी कुंपणाला, कुणाच्या पायाला लागतील. ज्यांच्या घरात मी जाईन त्यांना एवढंच सांगते की भिंत बोलली तर तिच्या तोंडावर कॅलेंडर लावू नका. आणि खोटं बोलणाऱ्या माणसानं सांगितलं म्हणून खरी गोष्ट खोटी समजू नका.

सकाळी ट्रक भरायच्या आधी शकूबाई आली होती. ढिगाऱ्यातून तिनं घंटा शोधून काढली. चेपली होती, तरी पदरानं पुसली. मग जिथे माझा उंबरा होता तिथे उभी राहिली आणि हळू आवाजात विचारलं, "आत कुणी राहिलं का?"

विचारून ती थांबली.

मी राहिले होते. पण मी उत्तर दिलं नाही, नाहीतर ती तिथून हललीच नसती.